आठ तासांची ड्युटी मोजायची कुठून? ट्रक-बस ड्रायव्हरच्या कामाच्या वेळा आणि विश्रांतीचे नियम

एका ट्रकमालकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. सात ट्रक, आठ ड्रायव्हर, चार क्लीनर; लाइन भिवंडी–नागपूर. ड्रायव्हर सकाळी दहाला गोदामावर हजर झाला, माल भरून गाडी संध्याकाळी साडेपाचला सुटली आणि रात्री साडेअकराला जालन्याजवळ गाडी बाजूला लावून त्यानं फोनवर सांगितलं, ‘माझी ड्युटी संपली.’ माल उशिरा पोहोचला, माल पाठवणारी पार्टी भडकली. मालकांचा हिशेब असा की स्टिअरिंगवर तो जेमतेम सहा तास होता, दिवसभर तर गाडी उभीच होती. मग आठ तास मोजायचे कुठून? गोदामाबाहेरचा वेळ विश्रांतीत धरता येतो का? आणि गाडीवर दोन ड्रायव्हर दिले तर थांबायची गरजच उरत नाही, हे खरं का?

ड्रायव्हरचं बरोबर होतं. कायद्याच्या हिशेबानं तो थांबायला हवा होता त्याच्याही पुढे गेला होता. ट्रकच्या आणि बसच्या ड्युट्या लावण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, आणि हा वाद मी इतक्यांदा ऐकलाय की मालक कुठून मोजायला सुरुवात करणार हे आधीच सांगू शकतो: चाक फिरलं तिथून. कायदा तिथून मोजत नाही.

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ९१ बघा. ट्रान्सपोर्ट वाहन चालवणाऱ्याचे कामाचे तास मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ प्रमाणे असतील, एवढंच ते म्हणतं. म्हणून खरी व्याख्या १९६१ च्या कायद्यात शोधायची. तिथे ‘कामाचे तास’ म्हणजे कामगार मालकाच्या, किंवा त्याच्या सेवेवर हक्क सांगू शकणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या दिमतीला असतो तो सगळा वेळ. ‘दुसऱ्या कुणाच्या’ हे शब्द नीट वाचा. गोदामाचा सुपरवायझर, माल पाठवणारी पार्टी, कंटेनर यार्डचा माणूस, सगळे त्यात येतात. गाडी रस्त्यावर असण्याचा वेळ त्यात आहेच. शिवाय जोडकामं आहेत: माल चढवणं-उतरवणं, गाडी ताब्यात घेणं आणि परत लावणं, गाडीची देखभाल-दुरुस्ती, हिशेब देणं, कॅश भरणं, रजिस्टरवर सही करणं, आणि सही केली त्या जागेपासून गाडी ताब्यात घ्यायच्या जागेपर्यंतचा प्रवाससुद्धा. टर्मिनलवर नुसतं हजर राहण्याचा पंधरा मिनिटांपेक्षा कमी वेळही कामातच धरलाय.

आता मर्यादा. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८. सलग ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, त्याआधी किमान अर्ध्या तासाची विश्रांती. ड्युटी सुरू झाल्यापासून संपेपर्यंत, मधली विश्रांती धरून, एकूण पसारा १२ तासांच्या आत; एसटीत काम केलेली मंडळी यालाच स्प्रेडओव्हर म्हणतात. एका दिवसाच्या ड्युटीचे दोनपेक्षा जास्त तुकडे करायचे नाहीत. आणि आज ड्युटी संपल्यापासून उद्याची सुरू होईपर्यंत सलग ९ तास मोकळे. आठवड्याची सुट्टी आहेच. सेवा विस्कळीत होऊ नये म्हणून सुट्टीच्या दिवशी बोलावता येतं, पण पूर्ण दिवसाच्या सुट्टीशिवाय सलग १० दिवसांच्या वर काम नाही.

यातल्या सवलती मालकांना पाठ असतात, त्यांच्या अटी नसतात. लांब पल्ल्याच्या मार्गावर किंवा सणासुदीला दिवसाला १० आणि आठवड्याला ५४ तासांपर्यंत जाता येतं, हे खरं. पण तो मार्ग किंवा प्रसंग सक्षम अधिकाऱ्यानं अधिसूचित केलेला हवा आणि त्याची मान्यता हवी. ‘आमची लाइनच लांबची आहे’ असं स्वतःशी म्हणून १० तास मिळत नाहीत. दुसरी सवलत गाडी बंद पडणं, वाहतूक ठप्प होणं, पूर-दरड अशा आपत्तीची. कसारा घाटात अपघात होऊन रस्ता तीन तास बंद राहिला तर ती लागू होते. रोज संध्याकाळी त्याच नाक्यावर होणारी कोंडी ही आपत्ती नव्हे; ती ड्युटी लावतानाच धरायची असते.

या आकड्यांवर जालन्याची ट्रिप मांडून बघू. दहाला हजर, साडेअकराला रात्री गाडी उभी. म्हणजे पसारा साडेतेरा तासांचा. १२ ची मर्यादा रात्री दहालाच संपली होती. मधे जेवणाचा एक तास पूर्ण मोकळा मिळाला असं धरलं तरी कामाचे तास साडेबारा होतात. आता हे साडेबारा खरे की मालक म्हणतात ते सहा, हे ठरतं गोदामाबाहेर त्या साडेसात तासांत काय चाललं होतं त्यावर. म्हणून तिकडे वळू, कारण सगळ्या भांडणाचं मूळ तिथेच आहे.

गोदामाबाहेरची रांग ज्यांनी फक्त ऑफिसातून पाहिली आहे त्यांना वाटतं ड्रायव्हर केबिनमध्ये आडवा पडून मोबाइल बघतोय. प्रत्यक्षात असं होतं: टोकन मिळतं, त्यावर नंबर असतो, पण वेळ नसते. पुढची गाडी आत गेली की रांग एका गाडीने सरकते. सेल्फ मारायचा, वीस-तीस फूट पुढे घ्यायचं, हँडब्रेक. दहा मिनिटांनी परत तेच. डोळा लागलाच तर मागचा हॉर्न मारतो, नाहीतर गेटवरचा वॉचमन दारावर काठी आपटतो. नंबर चुकला तर तो दिवस गेला. आत गेल्यावर डाला उघडा, ताडपत्री सोडा, नग मोजून घ्या, बिल्टी (मालाची वाहतूक पावती) आणि ई-वे बिल (जीएसटीखालचा मालवाहतुकीचा ऑनलाइन परवाना) यांचे नंबर जुळवा, सही करा, ताडपत्री परत बांधा. उन्हात ताडपत्री आणि दोर आवळायला दोन माणसांना अर्धा-पाऊण तास लागतो, आणि ते कष्टाचं काम आहे. या सगळ्याला ‘गाडी उभी होती’ म्हणणं म्हणजे दुकानदारानं गिऱ्हाईक नव्हतं तेवढा वेळ दुकान बंद होतं असं सांगण्यासारखं आहे.

कसोटी एकच आहे, आणि ती १९६१ च्या व्याख्येच्या स्पष्टीकरणातच आहे: त्या वेळात माणूस आपल्या मनासारखा वेळ घालवायला मोकळा होता का? गाडी सोडून जाऊ शकत होता का, झोपू शकत होता का, कुणी हाक मारणार नाही याची खात्री होती का? तिन्हीला ‘हो’ असेल तरच मी तो वेळ कामातून वगळतो. कलम ९१ मध्ये एक पोटकलम असंही आहे की ड्रायव्हर काम करत नसला तरी गाडीवर किंवा गाडीजवळ थांबणं भाग असेल, तर कोणत्या परिस्थितीत आणि किती वेळ ते विश्रांतीचं मध्यंतर धरायचं हे राज्य सरकार नियम करून ठरवू शकतं. हा अधिकार सरकारला आहे, मालकाला नाही. ‘क्लीनर होता ना गाडीवर’ हेही उत्तर चालत नाही. क्लीनरही याच कायद्याखालचा मोटार वाहतूक कामगार आहे, त्याचेही तास मोजायचे आहेत, आणि लायसन्स नसलेल्या पोराला रांगेत गाडी सरकवायला लावणं हा वेगळाच गुन्हा.

आता नवा कायदा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता २०२० नं १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा रद्द करून आपल्यात घेतला. त्यावरून ‘जुना कायदा गेला, आठ तास गेले’ अशी एक हवा ट्रान्सपोर्ट नगरांतून पसरली. तसं काही झालेलं नाही. संहितेतही दिवसाचे ८ तास आहेत. मोटार वाहतूक कामगारांसाठी रनिंग टाइम (गाडी रस्त्यावर असण्याचा वेळ), जोडकाम आणि टर्मिनलवरची पंधरा मिनिटांच्या आतली हजेरी कामात धरायची, ही व्याख्या जवळपास शब्दशः नव्या कायद्यात उतरली आहे. सलग १० दिवसांची अट तशीच. ओव्हरटाइम दुप्पट दरानं. पगारी रजेसाठी आधी वर्षात २४० दिवस भरावे लागत, आता १८० पुरतात. दर २० दिवसांमागे एक रजा. मधलं मध्यंतर आणि स्प्रेडओव्हर किती, हे संहितेनं सरकारच्या अधिसूचनेवर सोडलंय. माझ्यापुरतं मी ५ तास–अर्धा तास, १२ तासांचा पसारा आणि ९ तासांची विश्रांती ही १९६१ ची चौकट किमान मर्यादा म्हणून कायम ठेवली आहे. त्याच्या आत राहून कुणी अडचणीत आलेलं नाही.

या मालकांना लागू पडणारी एक बाब मात्र बदलली. जुना कायदा पाच कामगारांपासून लागू होता, संहितेचा उंबरठा दहाचा आहे. आठ ड्रायव्हर म्हणून कुणी तुम्हाला ‘तुम्ही सुटलात’ असं सांगेल, पण चार क्लीनर धरले की बारा होतात. आणि समजा चारच गाड्या असत्या, तरी मोटार वाहन कायद्याचं कलम ९१ किती कामगार आहेत हे विचारतच नाही. ते ट्रान्सपोर्ट वाहन चालवणाऱ्या कुठल्याही माणसाबद्दल बोलतं. त्यात १९६१ च्या कायद्याचा उल्लेख राहिला असला तरी रद्द होऊन पुन्हा अधिनियमित झालेल्या कायद्याचा उल्लेख नव्या तरतुदीला लागू धरायचा, हा सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाचा (जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट) जुना दंडक आहे.

कायदा बाजूला ठेवू आणि शरीराकडे बघू. तो ड्रायव्हर दहाला हजर होता म्हणजे सहाच्या सुमारास उठला असणार. रात्री साडेअकराला त्याला जागं होऊन साडेसतरा तास झाले होते. १९९७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक गाजलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. साधारण १७ तास सलग जागलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी खालावते, आणि २४ तासांना ती ०.१० टक्क्यांच्या पातळीला जाते, असं त्यात दिसलं. आपल्याकडे दारू पिऊन गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. तो नागपूरपर्यंत गेला असता तर पहाटे साडेपाचला पोहोचला असता, साडेतेवीस तास जागा. त्याच अवस्थेत बाटली घेऊन कुणी गाडीत बसला असता तर तुम्हीच किल्ली काढून घेतली असती.

त्यात वेळ कुठली? रात्री दोन ते पहाटे पाच हा शरीराच्या घड्याळाचा तळ असतो. दुपारी दोन ते चारमध्ये दुसरा, उथळ उतार. पहाटेच्या या पट्ट्यात माणूस डोळे उघडे ठेवूनही काही सेकंद झोपतो, आणि झोपला होता हे त्याला कळतही नाही. ताशी ८० च्या वेगानं गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. चार सेकंदांची डुलकी म्हणजे नव्वदेक मीटर, ब्रेकवर पाय न येता. समृद्धीसारख्या सरळ, एकसुरी रस्त्यावर हे जास्त होतं, कारण तिथे मेंदूला जागं ठेवणारं वळण, गाव, स्पीडब्रेकर काहीच येत नाही. जीपीएसच्या आलेखावर हे वाचता येतं. वेग ६५ वर स्थिर असतो, हळूहळू ४५ ला उतरतो, मग एकदम ७० ला उसळी मारतो, परत उतरतो. गाडी चढावर नसताना आणि पुढे ट्रॅफिक नसताना पहाटे साडेतीनला असं दोन-तीनदा दिसलं की तो माणूस पेंगतोय आणि दचकून जागा होतोय, एवढं नक्की. अशा वेळी फोन करून ‘जागा आहेस ना?’ विचारण्याला अर्थ नाही. तो ‘हो’च म्हणणार. पुढच्या वेसाइडला (महामार्गाकडेच्या थांब्याला) गाडी लाव आणि वीस मिनिटं झोप, असं सांगायचं. उठल्यावर लगेच चाक हातात घ्यायचं नाही, दहा-पंधरा मिनिटं खाली उतरून फिरायचं, झोपेची गुंगी उतरायला तेवढा वेळ लागतो. चहा, गाणी, खिडकी उघडी ठेवणं, तोंडावर पाणी आणि तंबाखूची चिमूट यांनी काही मिनिटं निघतात, झोपेचं कर्ज फिटत नाही. ड्रायव्हर मंडळी हे ऐकून हसतात. हसू द्या.

९ तासांच्या विश्रांतीबद्दलही एक सांगतो. कागदावर ९ तास म्हणजे झोप ९ तास नव्हे. गाडी लावणं, आंघोळ, जेवण, घरी फोन, सकाळी उठून आवरणं, टायर-ऑइल बघणं यात तीन तास सहज जातात. झोप उरते सहा तासांची, तीही केबिनमध्ये, मेच्या उकाड्यात. युरोपीय संघात रोजची विश्रांती ११ तासांची आहे, आठवड्यातून ठराविक वेळा ती ९ पर्यंत आणता येते. तिथे साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटांचा ब्रेक सक्तीचा. अमेरिकेत ड्युटीआधी सलग १० तास मोकळे लागतात, मग ड्युटी सुरू झाल्यापासूनच्या १४ तासांत ११ तास गाडी चालवता येते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९७९ च्या करारातही रोजची विश्रांती १० तासांची. आपले ९ तास यांच्यात सगळ्यात तोकडे आहेत, म्हणून ड्युटी लावताना मी १० धरतो. पण एका बाबतीत आपली चौकट चांगली आहे: त्या देशांत सगळ्यांचं लक्ष चालवण्याच्या तासांवर असतं, आपला कायदा थेट दिवसाच्या ८ तास कामाची मर्यादा घालतो. अडचण एवढीच की तिकडे टॅकोग्राफ (चालवण्याच्या वेळा आपोआप नोंदवणारं यंत्र) आणि इलेक्ट्रॉनिक लॉग गाडीतच बसवलेले असतात, आपल्याकडे ट्रिपशीटवर, म्हणजे फेरीच्या नोंदकागदावर, निळ्या शाईनं नंतर भरलेल्या वेळा.

दोन ड्रायव्हरचा प्रश्न. नॅशनल परमिटच्या (देशभर माल नेण्याचा परवाना असलेल्या) गाडीवर दोन ड्रायव्हर हवेतच, ही सक्ती २०१८ मध्ये काढून टाकली गेली. म्हणून आता दुसरा ड्रायव्हर ठेवणं ऐच्छिक आहे, आणि ठेवलात तर चांगलंच. पण ‘एक चालवतो, एक झोपतो, गाडी थांबतच नाही’ या गणितात दोन भोकं आहेत. कायद्याला दोन ड्युट्यांमध्ये सलग ९ तास मोकळे हवेत, आणि चालत्या गाडीतल्या बर्थवर पडलेला माणूस मोकळा आहे असं म्हणणं अवघड आहे. पंक्चर झालं तर उठणार तोच. युरोपात गाडीतली झोप दैनंदिन विश्रांती म्हणून धरायची तर गाडी उभी असावी लागते आणि झोपायची नीट सोय असावी लागते. अमेरिका चालत्या गाडीतल्या स्लीपर बर्थला मान्यता देते, पण तिथली बर्थ आणि तिथले रस्ते हे आपल्या केबिनच्या मागच्या फळीशी तोलायचं प्रकरण नाही. दुसरं भोक झोपेचं. चालत्या गाडीतली झोप तुटक असते, खड्डा आला, ब्रेक लागला की उडते. मी तिला अर्ध्यानं मोजतो. चार तास पडून आलेल्या माणसाला पहाटे तीनला चाक दिलं तर तो दोन तास झोपलेला आहे असंच समजायचं. दोन ड्रायव्हरची गाडी एका दिवसात जास्त अंतर कापते, पण चोवीस तासांत एकदा तिनं दोघांसाठी थांबायलाच हवं.

तुमच्या लाइनवर याहून सोपा उपाय आहे. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, भिवंडीजवळच्या आमणेपासून नागपूरपर्यंत, आणि जालना साधारण निम्म्यावर. भिवंडीचा ड्रायव्हर जालन्यापर्यंत नेतो, नागपूरचा तिथे गाडी घेतो. भिवंडीचा माणूस विश्रांती घेऊन परतीची गाडी घेऊन मागे येतो. ताशी ५५-६० च्या सरासरीनं साडेतीनशे किलोमीटर म्हणजे सहा-साडेसहा तास, वर अर्ध्या तासाचं मध्यंतर, गाडी घेणं-देणं. ८ तासांत बसतं, एका पाठोपाठ एक धरलं तरी गाडी जवळपास थांबत नाही, आणि माणूस एका रात्रीआड घरी झोपतो. यासाठी दोन गोष्टी लागतात. जालन्याला झोपायची जागा. पत्र्याची का असेना, पण पंखा, स्वच्छ संडास आणि दार लावता येईल अशी खोली. रात्री मुक्काम करावा लागतो तिथे विश्रांतीगृह किंवा पर्यायी सोय मालकानं करायची, हे १९६१ च्या कायद्यातही होतं, त्यामुळे यात उपकार काही नाहीत. आणि दुसरं म्हणजे भिवंडीत माल भरायला वेगळा माणूस. लोकल ड्रायव्हर दहाला गाडी रांगेत लावतो, भरून घेतो, ताडपत्री बांधून पाचला तयार ठेवतो, त्याची ड्युटी तिथे संपते. लाइनचा ड्रायव्हर दुपारी झोप काढून साडेपाचला ताजा बसतो. आठ ड्रायव्हरमधला एक कायम यार्डला ठेवला तर ट्रिपा कमी होतील असं वाटतं. सुरुवातीला होतात. मग उशीर, टायर फुटणं, किरकोळ धडका कमी व्हायला लागल्या की आकडा परत वर येतो.

‘ई-वे बिलाची मुदत संपेल’ ही सबब मी नेहमी ऐकतो. साध्या मालाला २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो. सातशे किलोमीटरला चार दिवस. त्यासाठी कुणाला रात्रभर जागवायची गरज नाही.

पैशाचं बोलल्याशिवाय हे पुरं होत नाही. पगार थोडा आणि ट्रिपवर भत्ता, अशी रचना असली की ड्रायव्हर स्वतःच झोप विकतो. थांबलं की त्याचं नुकसान, पळवलं की कमाई. मग वेळेचा नियम फळ्यावर लावून काही होत नाही. मुक्कामाच्या रात्रीचा भत्ता ट्रिपच्या भत्त्यातून वेगळा काढा आणि गाडी थांबल्याची नोंद जीपीएसवर दिसली तरच द्या. लवकर पोहोचण्याचा बक्षीस भत्ता बंद करा. तो देणाऱ्या मालकानं विश्रांतीवर बोलूच नये असं माझं मत आहे. नवी गाडी घेणार असाल तर १ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या एन-२ आणि एन-३ वर्गातल्या, म्हणजे साडेतीन टनांवरच्या मालट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झालाय. डिझेल वाचवायला तो बंद ठेवायला लावू नका.

अंमलबजावणी ढिली आहे, हे कबूल. कलम ९१ मोडल्याला स्वतंत्र शिक्षा नाही म्हणून सर्वसाधारण दंडाचं कलम १७७ लागतं, पहिल्यांदा ५०० रुपये, पुन्हा केलं तर १५००. एवढ्याला कोण घाबरणार! पण वारं बदलतंय. संहितेत सर्वसाधारण उल्लंघनाचा दंड २ लाखांपासून ३ लाखांपर्यंत आहे. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२५ मध्ये रस्ते सुरक्षेच्या प्रकरणात ड्रायव्हरच्या कामाच्या तासांची नीट अंमलबजावणी व्हावी म्हणून केंद्राला राज्यांच्या बैठका घ्यायला सांगितलं. आणि खरी परीक्षा अपघातानंतर होते. जीव गेला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली ड्रायव्हरवर पाच वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा असतो. त्याचा वकील पहिला मुद्दा काढेल तो ड्युटीचा, आणि कलम ९१ ‘काम करू नये’ एवढ्यावर थांबत नाही, ‘करवून घेऊ नये, करू देऊ नये’ असंही म्हणतं. पुरावा तुमच्याच घरात असतो: जीपीएस, फास्टॅगच्या टोलच्या वेळा, गोदामाचं गेट रजिस्टर, आणि रात्री साडेबाराला तुम्ही पाठवलेला ‘कुठे पोहोचला?’ हा मेसेज.

बस आणि कॅबवाल्यांसाठी दोन वाक्यं. रात्रीच्या ट्रॅव्हल्सवर सकाळी उतरल्यावर तोच ड्रायव्हर गाडी धुऊन, डिकी आवरून संध्याकाळी परत बसतो. त्याचे ९ तास गाडी धुऊन झाल्यावर सुरू होतात, प्रवासी उतरल्यावर नाही, आणि दिवसाउजेडी झोपायला अंधारी, शांत खोली नसेल तर ते ९ तास नावाचेच. अ‍ॅप-कॅबसाठी २०२० च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी वेगळीच मोजणी दिली होती, दिवसाला जास्तीत जास्त १२ तास लॉगइन आणि मग १० तासांचा सक्तीचा ब्रेक, सगळी अ‍ॅप मिळून.

राहता राहिली पार्टी. तिच्याशी बोलताना ड्रायव्हरला पुढे करू नका. ट्रिपशीटवर चार वेळांचे रकाने छापून घ्या: हजर झाल्याची, गेट-इन, गेट-आऊट आणि पोहोचल्याची, पहिल्या तिन्हींवर गोदामाच्या माणसाची सही घ्या. महिनाभराच्या शीट समोर ठेवल्या की गाडी रस्त्यावर किती आणि त्यांच्या दारात किती अडकली हे त्यांना त्यांच्याच सहीनं दिसतं. मग दोन पर्याय द्या: टोकनवर वेळ लिहून द्या म्हणजे आम्ही गाडी त्या वेळेलाच पाठवू, नाहीतर ठराविक तासांनंतर डिटेन्शन (गाडी अडकवल्याचा आकार) लागेल. रेटमध्ये ते लिहून घ्या, तोंडी ठेवू नका. आणि डिलिव्हरीची वेळ कबूल करताना ती गेट-आऊटपासून मोजून द्या. ‘उद्या सकाळी सातला माल पोहोचेल’ असं सकाळी दहा वाजता, गाडी अजून रांगेत असताना, फोनवर सांगून बसू नका.